पऱ्हाटी, युरिया आणि मनाची टोचणी: बोरी खोऱ्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

गट अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या कापूस उत्पादकांचा. बहुतेकांची शेती कोरडवाहू, थोड्यांच्या विहिरी. जमीन मध्यम काळी ते बरड, चुनखडी भरपूर. हवामान बदलाला आपल्या हातून जे खतपाणी मिळतं ते मोजायचं आणि जे थांबवणं खरंच आपल्या हातात आहे ते थांबवायचं, एवढंच काम. नोंदी बैठकीच्या वहीतून घेतल्या आहेत.

१२ नोव्हेंबर २०२४

जबाबदारीची चर्चा कुठूनही सुरू केली तरी एकाच वाक्यावर येऊन अडते: "आपल्या एका शिवाराने काय होणार?" त्याला उत्तर कापसातच आहे. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पुन्हा बोंडं धरायला राखलेलं पीक, ठेवू नये, हे आता सगळ्यांना पटलेलं आहे. गुलाबी बोंडअळी हंगामाच्या शेवटी किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत राहते. डिसेंबर-जानेवारीत पीक काढलं नाही तर तिला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. एका शेतकऱ्याने चार क्विंटलच्या लोभाने फरदड राखली, तर त्याच्या वावरातल्या पतंगांनी शेजारच्या शिवाराचं किती नुकसान केलं हे कोणी मोजून दाखवू शकत नाही. तरी त्याला दोष दिला जातो, आणि तो रास्तच असतो. धुराचं गणितही याच जातीचं आहे. नुकसान मोजून दाखवता येत नाही म्हणून वाटा शून्य होत नाही.

हद्द ठरवली. ज्याचा स्विच, काडेपेटी किंवा गोणीची दोरी आपल्या हातात आहे तेवढंच मोजायचं. जिनिंग, ट्रक, सूतगिरणी यांचा धूर आपल्या वहीत नाही. घ्यायची कामं तीन: पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) जाळणं, युरिया, पंप. चौथं लग्नसराईचं काम सुचवलं गेलं, त्यावर एकमत झालं नाही.

२८ नोव्हेंबर २०२४

मोजमापाचं एकक ठरवायला बराच वेळ गेला. किलो-टनात सांगितलं की कोणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून युरियाची गोणी धरली.

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आंतरराष्ट्रीय हिशोबपद्धतीत घातलेल्या नत्रापैकी सरासरी १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातं असं धरतात. २०.७ चा १ टक्का ०.२०७ किलो. त्याला ४४/२८ ने गुणलं की ०.३२५ किलो नायट्रस ऑक्साइड. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणून सुमारे ८९ किलो. शिवाय युरियाच्या वजनाचा पाचवा भाग कार्बन असतो आणि तो जमिनीत विरघळताना कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो: ४५ × ०.२ × ४४/१२ = ३३ किलो. बेरीज १२२. कारखान्यात युरिया बनवताना जळालेला वायू यात धरलेला नाही.

कोरड्या हवामानासाठी १ टक्क्याऐवजी निम्मा आकडा वापरण्याचीही मुभा आहे. आम्ही १ टक्काच ठेवला. आपल्या सोयीचा आकडा निवडायची सवय पहिल्याच पानावर लागली, तर पुढची वही लिहिण्यात अर्थ नाही.

तर १ गोणी = १२० किलो कार्बन डायऑक्साइड. यात बसवलेल्या बाकीच्या गोष्टी:

डिझेल लिटरला २.६८ किलो, म्हणजे ४५ लिटरला एक गोणी. घरगुती गॅसचं १४.२ किलोचं सिलिंडर ४२ किलो, म्हणजे गोणीचा तिसरा हिस्सा. विजेच्या एका युनिटला देशाची सरासरी ०.७ किलोच्या आसपास. ५ एचपी पंप तासाला साधारण ४.७ युनिट घेतो, म्हणजे सहा तास चालला तर सुमारे २० किलो, आणि अशा सहा दिवसांत एक गोणी. मुंबई-दिल्ली विमानाचं एकेरी तिकीटही एका गोणीच्या आसपास. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १६-१७ गोण्या. जगाची सरासरी ३९-४० गोण्या. अमेरिकेतल्या माणसाच्या ११५ च्या वर.

शेवटच्या ओळीवर आवाज चढले. "मग त्यांनी आधी कमी करावं," हे म्हणणं चूक नाही. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या हवामान करारात जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची वेगवेगळी, हे तत्त्व लिहिलेलंच आहे. मात्र त्या तत्त्वात आपली जबाबदारी शून्य आहे, असं कुठे म्हटलेलं नाही.

वहीत दोन रकाने पाडले: पोटाचं आणि वरचं. तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९९३ मध्ये जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन असा भेद मांडला होता, त्यावरून हे सुचलं. पोटाच्या रकान्यात स्वयंपाकाचा गॅस, पिण्याचं पाणी, दवाखान्याची फेरी, पिकाला जगवणारं एक पाणी. त्याला हात लावायचा नाही आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलायचंही नाही. कपात फक्त वरच्या रकान्यातून.

१५ डिसेंबर २०२४

पऱ्हाटी उघड्यावर पेटवण्याऐवजी खड्ड्यात तिचा कोळसा करायचा आणि तो मातीत घालायचा, म्हणजे त्यातला कार्बन हवेत न जाता जमिनीत राहतो. हा विचार पक्का होण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला: ही पऱ्हाटी आत्ता कोणाची आहे?

सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं. पण चाल अशी आहे की भूमिहीन कुटुंबातल्या बाया पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करून देतात आणि मजुरी म्हणून पऱ्हाटी घरी नेतात. वर्षाचं जळण त्यातून निघतं. पाच माणसांच्या चुलीला दिवसाला चार-पाच किलो जळण लागतं, म्हणजे वर्षाला दीड ते पावणेदोन टन. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, गॅसची शेगडीही बहुतेक घरांत आहे, पण भरलेलं सिलिंडर परवडत नाही म्हणून अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. ती सगळी खड्ड्यात घातली तर हवामानासाठी केलेल्या आपल्या पुण्याईचा खर्च त्या चुलींनी भरायचा. मग त्या बाया बाभळी तोडतील, आणि आपल्या वहीत मात्र वजाबाकी दिसेल.

ठराव असे. पऱ्हाटी नेणाऱ्या कुटुंबांचा पहिला हक्क. त्यांना लागेल तेवढी आधी बाजूला, तीही निवडून, जाड बुंध्याची. उपटण्याची मजुरी आता रोखीने, पऱ्हाटी त्यावर वेगळी. खड्ड्याच्या कामालाही मजुरी. खड्ड्यात जाईल ती फक्त अशी पऱ्हाटी, जी नाहीतर बांधावर पेटवली गेली असती. यामुळे प्रकल्पाचा आवाका निम्म्यावर येतो. येऊ दे.

मजुरीचा बोजा आणि खड्ड्याची पाळी वाटताना धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीचा, म्हणजे पाटाचं पाणी सगळ्यांनी मिळून वापरण्याच्या चालीचा, कायदा घेतला: पांझरा-मोसमच्या बंधाऱ्यांवर पाटाच्या साफसफाईला ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे हात. इथेही एकराच्या प्रमाणात. माणशी समान वाटणीची सूचना आली होती. ती दोन एकरवाल्याला महाग आणि वीस एकरवाल्याला स्वस्त पडते, म्हणून सोडली.

८ जानेवारी २०२५

खड्डे. तोंडाशी व्यास १.५ मीटर, तळाशी ०.६, खोली ०.७५ मीटर. भिंतीचा उतार साधारण ६० अंश. घनफळ सुमारे ६९० लिटर, कामाला ६०० धरावं. काठ भरेपर्यंत ३५० ते ४५० किलो वाळलेली पऱ्हाटी लागते, म्हणजे एकराला दोन-तीन वेळा खड्डा पेटवावा लागतो.

उतार महत्त्वाचा का, तर ज्योतीचा पडदा. वरच्या थरातल्या काड्या जळताना खालून येणारा धूर त्या ज्वालेतून जातो आणि तिथेच जळतो. ज्वाला वरची हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालच्या कोळशापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि त्याची राख होत नाही. सरळ भिंतीच्या चौकोनी खड्ड्यात कोपऱ्यांत ज्वाला पोहोचत नाही, तिथून पांढरा धूर येत राहतो.

जागा: वस्तीपासून लांब, वरून विजेची तार नको, चहूबाजूंनी पाच मीटर मोकळी आणि नांगरलेली जमीन. भुसभुशीत काळ्या मातीत भिंत ढासळते. शक्य तिथे मुरमाड बांधाची जागा घ्यावी, नाहीतर आतून शेण-मातीचा गिलावा.

पऱ्हाटी: उपटण्याआधी ठेलाऱ्यांच्या मेंढ्या वावरात बसवल्या. त्या हिरवी पानं आणि उरलेली बोंडं खातात आणि अळीचा बराचसा बंदोबस्त फुकट होतो, लेंड्या वेगळ्या. मग चिमट्याने मुळासकट उपटणं, मुळाची माती झटकणं. माती राहिली तर कोळशाचं वजन फुगतं आणि वहीतला आकडा खोटा होतो. ढीग उभा रचावा, आडवा रचला तर आतून ओला राहतो. न उमललेली किडकी बोंडं निवडून पहिल्याच खड्ड्यात घालावीत. पऱ्हाटी वाळत ठेवायची म्हणून अळी पोसायची नाही.

२३ जानेवारी २०२५

खड्डा पेटवण्याची पद्धत, पाळीवर येणाऱ्या प्रत्येकासाठी.

आधी पऱ्हाटी पाहायची. मधून मोडली तर काडकन तुटली पाहिजे. वाकून सोलली गेली तर ओल १५-२० टक्क्यांच्या वर आहे, तो ढीग आज नाही. काड्या दोन-अडीच फुटांच्या. जाड बुंधे वेगळे.

वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. तळाशी बारीक काड्यांची चौकट रचून ती वरून पेटवायची. खालून पेटवली तर वरच्या काड्या तापून धूर सोडतात आणि तो जाळायला वर ज्वाला नसते. तळाशी निखाऱ्यांचा थर झाला की पुढचा थर, वीतभरापेक्षा कमी. पुढे सगळं काम एका खुणेवर चालतं: वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की नवा थर टाकायचा. राख दिसण्याआधी टाकला तर ज्वाला गुदमरते. उशीर झाला तर कोळसा जळून राख होते. बुंधे पहिल्या तासात घालायचे, म्हणजे त्यांना आतपर्यंत शिजायला वेळ मिळतो. शेवटचे थर फक्त बारीक काड्यांचे. खड्डा भरायला अडीच-तीन तास.

धूर दिसला की थांबायचं आणि कारण शोधायचं. पांढरा दाट धूर म्हणजे ओली पऱ्हाटी किंवा जाड थर. ज्वाला एका बाजूला झुकून दुसरी बाजू धुमसत असेल तर वारा, त्या बाजूला पत्रा आडवा लावा. धुराबरोबर मिथेन जातो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो २७ पट भारी. धुमसणारा खड्डा उघड्यावर पेटवलेल्या ढिगापेक्षा वाईट ठरू शकतो.

विझवणं. पुस्तकी पद्धत पाण्याची आहे, पण एका खड्ड्याला पाचशे-सहाशे लिटर लागतं. जानेवारीत विहिरीला पाणी असेल तिथे ठीक. नसेल तिथे माती: निखाऱ्यांवर वीतभर ओलसर मातीचा थर, फटी शेणकाल्याने बुजवायच्या, किमान दोन दिवस उघडायचं नाही. एखाद्या फटीतून हवा गेली की आत कोळसा जळत राहतो आणि तिसऱ्या दिवशी खाली नुसती राख सापडते.

सुरक्षितता: सुती कपडे, नायलॉनची साडी किंवा टी-शर्ट घालून खड्ड्याजवळ उभं राहायचं नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, खड्ड्यावर वाकायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विझलेला वाटणारा कोळसा पोत्यात भरून घरात किंवा गोठ्यात ठेवायचा नाही. आतला एक निखारा दोन दिवसांनी सगळं पेटवतो.

६ फेब्रुवारी २०२५

एका सदस्याने बांधावर पऱ्हाटी पेटवली. विचारल्यावर उत्तर: "मन्हा वावरमा मी काहीबी करसू."

दंडाचा प्रस्ताव आला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचा दाखला दिला गेला. तिथे जंगल राखण्याचे नियम गावाने स्वतःच केले, तोडणाऱ्याला दंडही ठेवला, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना यंदा पद्मश्री जाहीर झाली आहे. पण बारीपाड्याचं जंगल सामाईक आहे. इथे वावर खाजगी आणि धूर सामाईक, हा पेच आहे. शिवाय दंड ठेवला की तो भरून जाळायची मोकळीक मिळते. टोचणी संपते, पावती हातात येते. दंड नाही, असं ठरलं. त्याऐवजी त्याला विचारलं, जाळायची घाई का? उत्तर साधं होतं: रब्बीला पाणी आहे, वावर चार दिवसांत मोकळं हवं होतं, मजूर मिळाले नाहीत. म्हणजे हा विवेकाचा प्रश्न कमी, मजुरांचा जास्त. पुढच्या हंगामात रब्बी घेणाऱ्यांची पऱ्हाटी आधी, कोरडवाहूवाल्यांची नंतर.

२० फेब्रुवारी २०२५

कोळशाची तपासणी आणि हिशोब.

हातावर चुरडून साध्या पाण्याने धुवावा. साबणाशिवाय निघाला तर चांगला. तेलकट राहिला तर डांबर शिल्लक आहे, तो पुन्हा खड्ड्यात. मोडताना आत तपकिरी दिसला तर कच्चा. प्रयोगशाळेत हायड्रोजन आणि कार्बनच्या अणूंचं गुणोत्तर ०.७ च्या खाली यायला हवं, ०.४ च्या खाली आलं तर तो मातीत फारच टिकाऊ.

वजन करताना ओल वजा करायलाच हवी. विझवलेल्या कोळशात निम्मं पाणी असू शकतं. दहा लिटरच्या बादलीने मोजून घ्यायचा, त्यातला एक नमुना कडक वाळवून तोलायचा आणि त्या प्रमाणात सगळ्याचं कोरडं वजन काढायचं.

एका टन पऱ्हाटीचा हिशोब, हात आखडून: कोळसा २०० किलो. त्यात कार्बन ७० टक्के, १४० किलो. शंभर वर्षांनी त्यातला ८० टक्के उरेल असं धरून ११२. कार्बन डायऑक्साइडमध्ये ४११ किलो. आता वजाबाकी. आमच्यासारख्या उघड्या खड्ड्यातून कोळशाच्या किलोमागे ३० ग्रॅम मिथेन सुटतो असं धरलं, म्हणजे ६ किलो, गुणिले २७, बरोबर १६२. उरले सुमारे २५० किलो.

जी पऱ्हाटी पूर्वी खरोखर उघड्यावर जळत होती, तिच्यापुरते न सुटलेल्या मिथेन-नायट्रस ऑक्साइडचे आणखी ८० किलोच्या आसपास मिळवता येतात. चुलीत जाणाऱ्या पऱ्हाटीवर हे मिळवायचे नाहीत. जाळण्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचा नाही, तो त्याच वर्षी झाडाने हवेतून घेतलेला असतो.

म्हणजे उपटणं, वाळवणं, तीन तास धगीसमोर उभं राहणं, विझवणं, तोलणं, आणि एका एकराची कमाई दोन गोण्यांच्या थोडी वर. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका आजोबांनी विचारलं, "तं दोन गोण्या कमीच का नै टाकत?"

प्रश्न बिनतोड आहे. खड्डा दिसतो, फोटो निघतो, पाहुणे बघायला येतात. कमी टाकलेला युरिया कोणाला दिसत नाही. जबाबदारीच्या नावाखाली आपण दिसणारी कामं आधी उचलतो, हे वहीने उघडं पाडलं. खड्डे बंद करायचे नाहीत, जाळण्याला पर्याय हवाच. पण युरियाचं काम आता पहिल्या क्रमांकावर.

३ मार्च २०२५

या हंगामापुरते खड्डे बंद. गहू-हरभरा वाळला आहे, दुपारचा वारा सुटतो, एक ठिणगी पुरे. उरलेली पऱ्हाटी श्रेडरने कुटी करून जमिनीत. श्रेडरला एकरी डिझेल जातं ते वरच्या रकान्यात लिहायचं.

२२ मार्च २०२५

एका मध्यस्थ कंपनीचा प्रस्ताव आला: कोळशाने मातीत अडवलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे कार्बन क्रेडिट, रक्कम थेट खात्यात. करार इंग्रजीत, मुदत लांब.

आधी कागद कसा वाचायचा ते. एक क्रेडिट म्हणजे एक टन. आपल्या हिशोबाने चार एकरांच्या कोळशाला एक. भाव कोण ठरवतं, मोजणी-तपासणीचा खर्च कोणाच्या वाट्यातून जातो, मधेच कोळसा करणं थांबवलं तर पैसे परत मागतील का, दुसऱ्या कोणाला विकण्याची मनाई आहे का, आणि भ्रमणध्वनीतल्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, हे पाच मुद्दे लेखी मिळाल्याशिवाय सही नाही. आधीपासून करत असलेलं काम 'पैशामुळे सुरू झालं' असं लिहून द्यायला सांगत असतील, तर तो खोटा दाखला आहे.

खरी चर्चा पुढे झाली. घेणारा ते क्रेडिट का घेतो? त्याच्या धुराड्यातून सुटलेला टन कागदावर पुसायला. हवेत जायचं ते गेलंच, आपल्या मातीतल्या टनाने त्याची भरपाई झाली एवढंच. हे गैर नाही. पण मग तो टन आपला राहत नाही. विकलेल्या बैलाला आपल्या दावणीत मोजता येत नाही.

एका गटाचं म्हणणं: विकायचंच नाही, टोचणी भाड्याने देण्यासारखं आहे ते. दुसऱ्याचं म्हणणं: ज्याच्या वाट्याला वर्षाला सात-आठ गोण्यांचाही धूर नाही, त्याने ऐंशी गोण्यावाल्यासाठी काम केलं तर फुकट का करायचं? दुसरं म्हणणं आम्हाला जास्त वजनदार वाटतं. नैतिकतेचा सगळा भार गरिबावर टाकून विकणं पाप ठरवणं सोपं असतं, विशेषतः ज्याला विकायची गरज नाही त्याला.

ठराव: पाच एकरांखालच्या सदस्यांनी विकायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, गट कागद वाचायला मदत करेल. विकलेला टन त्याच दिवशी गटाच्या वहीतून वजा. मोठ्या खातेदारांनी यंदा विकायचं नाही, त्यांच्या स्वतःच्या गोण्या आधी फिटू देत. यावर दोघांची नाराजी नोंदवली आहे.

१२ एप्रिल २०२५

कोरा कोळसा वावरात टाकू नये. तो सुरुवातीला नत्र धरून ठेवतो आणि पीक पिवळं पडतं. दुसरी अडचण आपल्या मातीची. कोळसा अल्कधर्मी, आपली चुनखडीची जमीन आधीच ८ सामूच्या (पीएचच्या) आसपास. आम्ल मातीत कोळशाने सामू सुधारतो तो फायदा इथे नाही, उलट लोह-जस्त पिकाला मिळणं आणखी अवघड होऊ शकतं. म्हणून भारी काळ्या जमिनीत द्यायचाच नाही. बरड, पाणी न धरणाऱ्या तुकड्यांत, तोही थोडा.

कृती: कोळसा कुटून हरभऱ्याएवढा, कुटताना ओला ठेवायचा, नाहीतर धूळ छातीत जाते. एक पाटी कोळसा, एक पाटी अर्धवट कुजलेलं शेणखत, त्यावर गोमूत्र आणि शेणाची स्लरी, मुठीत दाबल्यावर ओल जाणवेल इतकी. सावलीत ढीग, गोणपाटाने झाकून, आठवड्याला एकदा चाळवायचा, महिनाभर. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कोळसा गोठ्यात जनावरांखाली पसरणं. मूत्र तोच शोषतो, अमोनियाचा वास कमी होतो, आणि उकिरड्यावर खत आपोआप तयार होतं. द्यायचा तो ओळीत, सरीच्या तळाशी. फोकून दिला तर पहिल्या वळवाने वाहून नाल्यात.

९ मे २०२५

लग्नसराई. डीजेच्या गाडीवरचा मोठा जनरेटर तासाला आठ-दहा लिटर डिझेल पितो. पाच तासांची वरात म्हणजे साधारण एक गोणी. गटातल्या घरच्या लग्नात डीजे नको, असा ठराव मांडला, मोठ्या फरकाने पडला. नोंद करून पुढे. युरियाची गोणी कमी करायला हो म्हणणारा माणूस वरातीला हात लावू देत नाही, हे प्रकल्पाच्या आराखड्यात धरायला हवं होतं असं कोणी म्हणेल. धरून तरी काय केलं असतं?

३० मे २०२५

मोसमी पाऊस २६ तारखेलाच मुंबईत दाखल. लवकर पेरायचा मोह दांडगा. जूनच्या आधी कापूस लावायचा नाही, हे अळीमुळे जुनंच ठरलेलं आहे, ते कायम. कोळसा-खत ओळीत देऊन झालं.

११ जुलै २०२५

युरिया. कोरडवाहू कापसाला एकरी दोनेक गोण्या जातात. त्यातला किती पिकाला मिळतो हे टाकण्याच्या पद्धतीवर ठरतं. अल्कधर्मी जमिनीवर उन्हात फोकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन उडतो, आणि तूट दिसली की माणूस आणखी टाकतो. नियम असे: ओल असेल तेव्हाच. झाडापासून बोटभर अंतरावर, मातीआड. ओळीतून दिला तर लगेच कोळपं मारून झाकायचा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबायचं, पाणथळ जमिनीत नायट्रस ऑक्साइड जास्त सुटतो. एका वेळी गोणी नाही, तीन हप्ते.

खरी गळती पुढे लाल्या दिसला की होते. पानं लाल झाली की पहिली धाव युरियाकडे. बऱ्याचदा कारण मॅग्नेशियमची कमतरता असते. तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, आणि नत्र हवंच असेल तर युरिया २ टक्के, १० लिटरला २०० ग्रॅम, फवारून. एकरी २०० लिटर पाणी धरलं तरी ४ किलो युरिया. गोणीच्या जागी अकरावा हिस्सा. ओळींमध्ये मूग-उडीद ज्यांनी घेतले त्यांना एक हप्ता टाळून पाहायला सांगितलं आहे, तेही चार ओळींवर, सगळ्या वावरावर नाही. उत्पन्न घटलं तर त्या चार ओळींची भरपाई गटाने द्यायची. कपातीचा धोका एकट्याने का उचलायचा?

१९ ऑगस्ट २०२५

पावसाने ओढ दिली, पंप सुरू झाले. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात २०२४ पासून वीजबिल नाही. बिल नाही म्हणजे बटण बंद करायला लावणारं बाहेरचं कारणही उरलं नाही. ऑटो स्विच लावून रात्रभर पंप सोडला तरी खिशाला कळत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाला कळतं, आणि विहिरीला.

केलेली कामं: ऑटो काढून प्रत्येक पंपाला तासांचं मीटर. जिथे विजेचं मीटर नाही तिथे क्लॅम्प मीटरने अँपिअर पाहिले. ५ एचपी तीन फेजला पूर्ण भारावर ८ च्या आसपास यायला हवेत. बरेच जास्त आले तर बेअरिंग, जाम झालेला इंपेलर किंवा कमी व्होल्टेज. फूट व्हॉल्व्ह गळतो का ते पंप बंद केल्यावर पाइपातलं पाणी उतरतं का यावरून. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर, त्याने युनिट फारसे वाचत नाहीत पण रोहित्रावरचा भार कमी होतो आणि शेवटच्या टोकाच्या पंपाला व्होल्टेज मिळतं.

तासांची वही कोणी तपासायची यावर ठरलं: कोणीच नाही. आकडे ज्याचे त्याने लिहायचे, महिन्याच्या शेवटी फळ्यावर मांडायचे. रकाना कोरा ठेवायचीही मोकळीक आहे.

जानेवारीसाठी: मजुरांची आगाऊ बोली दिवाळीआधी, रब्बीवाल्यांची यादी वेगळी, दोन खड्ड्यांना मुरमाचा गिलावा पुन्हा.